गोळ्यांसाठी कथील

जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरच्या मागच्या भिंतीला धातूच्या मगांच्या आणि ट्रॉफ्यांच्या तीन फळ्या होत्या. नॉर्बर्ट घोन्सालविस त्या नेहमी एकाच पद्धतीनं पाहायचा. वरची फळी आधी, डावीकडून उजवीकडे. मग मधली. मग गुडघा टेकून खालची. पांढुरक्या धातूची वस्तू दिसली की उचलायची, हातात तोलायची, उलटी करून बुडाचा शिक्का वाचायचा, खिशातलं लोहचुंबक लावायचं. चिकटलं की लोखंड. नाही चिकटलं तर वस्तूची कड दोन्ही अंगठ्यांनी अगदी जराशी दाबायची आणि कानाजवळ न्यायची. कथील वाकताना आतून करकरतं, कुणी शेजारी टोस्ट चावल्यासारखं. करकर ऐकू आली तर वस्तू टोपलीत. नाही आली तर होती तिथंच, होती तशी.

त्याची बायको बीआट्रिस ढकलगाडी धरून मागं उभी असायची.

"काउंटरवरची पोरगी आज मला विचारत होती," ती म्हणाली, "तुझा नवरा भांड्यांशी काय बोलतो म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, घरी बोलत नाहीत, त्याची कसर काढतात."

त्या दिवशी टोपलीत काहीच पडलं नाही. उन्हाळाभर हेच चाललं होतं.

नॉर्बर्ट वसईजवळच्या गिरीजचा. ठाण्याच्या एका फौंड्रीत तो वाळूचे साचे करायला शिकला. सत्तरच्या दशकात तेच हात घेऊन कॅनडात आला आणि निवृत्त होईपर्यंत ओशावाकडच्या फौंड्रीत तेच काम केलं. घर व्हिटबीत. निवृत्त झाला त्या आठवड्यात त्यानं मागचा डेक उखडून नवा घातला. मग कुंपण. मग शेजाऱ्याचं कुंपण, शेजाऱ्यानं सांगितलं नव्हतं तरी. हिवाळ्यात शोव्हल करायला बर्फ असे तोवर ठीक चाले. बर्फ नसला की तो बेसमेंटमध्ये उतरायचा, वर यायचा, परत उतरायचा. "एका जागी बसा हो, जिना झिजला," असं बीआट्रिस म्हणायची. बसायचं कसं ते त्याला येत नव्हतं. कुणी शिकवलंही नव्हतं.

शेवटी कॉलिननं त्याला कामाला लावलं. कॉलिन डाबरे वसईच्याच सांडोरचा, त्याच फौंड्रीत भट्टीवर होता. वाळूच्या धुळीनं त्याची फुप्फुसं गेली होती. जिन्याच्या मध्यावर थांबून तो भिंतीवरचे फोटो बघतोय असं दाखवायचा. पण त्याला शिकारीचं वेड होतं, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतलेली जाड नळीची जुनी रायफल होती. लायसन्स, क्लब, सगळं रीतसर. फक्त तिच्या गोळ्या दुकानात मिळत नव्हत्या. त्या ओतून घ्याव्या लागत. धुरापाशी उभं राहणं कॉलिनला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते काम नॉर्बर्टकडे आलं.

नॉर्बर्टनं आयुष्यात बंदूक चालवली नव्हती. गोळी कुठं जाते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. साच्यातून कशी निघते एवढंच तो बघायचा. शिसं भरपूर मिळायचं. विंटर टायर बदलायच्या दिवसांत टायरवाल्यांकडे चाकांना लावायच्या जुन्या वजनांनी बादल्या भरलेल्या असत, त्या ते आनंदानं देऊन टाकत. पण नुसतं शिसं मंद असतं. साच्याच्या कोपऱ्यात जात नाही. गोळीच्या कडा गोलसर येतात, अंगावर सुरकुत्या पडतात, आणि अशी गोळी कुठं जाईल ते सांगता येत नाही. थोडं कथील मिसळलं की तेच शिसं पाण्यासारखं पळतं आणि कोपरा न् कोपरा भरतं. कथील त्या वर्षी फार महाग झालं होतं. म्हणून प्यूटर. जुने मग, तबकं, ट्रॉफ्या यांचा हा पांढरा धातू म्हणजे बहुतेक कथीलच. चांगलं प्यूटर असलं तर त्यात शिसं नसतं. फार जुनं, शिक्का नसलेलं असलं तर असू शकतं. गोळीत ते चालतं, गोळी शिशाचीच असते.

ओतकाम गॅरेजमध्ये, दार सताड उघडं, पंखा चालू. त्या कामाचे कपडे वेगळे, बूट वेगळे, ते घरात यायचे नाहीत. शिशानं हातपाय गळालेली माणसं त्यानं ठाण्याला पाहिली होती. या बाबतीत तो बायकोपेक्षा कडक होता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरात, कॉलिनला टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला. ओंटारिओत मोठा नर मूस, म्हणजे घोड्याहून उंच असं तिकडचं रानटी हरीण, मारायचा तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. कॉलिन वर्षानुवर्षं अप्लाय करत होता. कागद घेऊन तो गॅरेजमध्ये आला, दाराजवळच्या खुर्चीत बसला, दम जमवला आणि मग म्हणाला, "निघालं."

"कधी जायचंय?"

"ऑक्टोबरच्या मध्यावर. उत्तरेला, हर्स्टच्या वर. भाच्याची गाडी आहे, तोही येतोय."

"पुढच्या वर्षी का नाही जात? माझ्याकडे प्यूटरचा खडखडाट आहे."

"पुढच्या वर्षी मला एवढं चालवेल का, हे डॉक्टर सांगत नाही. मीही विचारत नाही. तू प्यूटर शोध."

नॉर्बर्ट शोधत सुटला. बोमनव्हिल, पोर्ट पेरी, कोबर्ग. शनिवारी सकाळी लोक जुनं सामान विकायला अंगणात टेबलं मांडायच्या आत तो गाडी घेऊन हजर. पण प्यूटर आता इतरांनाही कळलं होतं; फळ्या त्याच्या आधीच कुणीतरी साफ करून जायचं. जस्ताचे मग मिळायचे, दिसायला तसेच. एकदा असा एक मग त्याच्या नजरेतून सुटला होता आणि अख्ख्या भांड्यातल्या शिशाची पेज झाली होती. सगळं फेकावं लागलं. तेव्हापासून तो करकर ऐकल्याशिवाय काही घेत नव्हता. सप्टेंबर संपला तेव्हा त्याच्याकडे एक कांडी प्यूटर उरलं होतं. ते पुरणार नव्हतं, आणि तो रात्री अंथरुणात कूस बदलत होता म्हणून बीआट्रिसनंच फोन उचलला.

फोन सुनेत्राताईंना. दोघी कॅनडात नव्या असताना एकाच कारखान्यात कॅसेट पॅक करायच्या, तेव्हापासूनची ओळख. सुनेत्राताई पुण्याच्या, आता ब्रॅम्पटनला. त्यांचे यजमान हेमचंद्र इंजिनिअर होते आणि गोल्फ खेळायचे. त्यांच्या क्लबात दर वर्षी बक्षीस म्हणून प्यूटरचा मग द्यायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ताई घर विकून कॉन्डोत जायच्या बेतात होत्या.

"ते मग ना? मोठा खोका भरून आहेत," सुनेत्राताई म्हणाल्या. "चहा प्यायच्या उपयोगाचे नाहीत की फुलं ठेवायच्या. जे कोणी नेईल त्याला पुण्य. पण नॉर्बर्टभाऊंना कशाला हवेत?"

बीआट्रिस अडखळली. सुनेत्राताई म्हणजे अंडं उकडायला वेगळं पातेलं ठेवणारी बाई. तिला बंदुकीच्या गोळ्या कुठल्या तोंडानं सांगायच्या? "कथील असतं ना त्यात," ती म्हणाली.

"कथील? म्हणजे ते कल्हई करतात? अगं, मग बोलली नाहीस कधी."

"हं," बीआट्रिस म्हणाली. नाही म्हणायला हवं होतं तिथं तिनं फक्त हं म्हटलं, आणि सगळं तिथून सुरू झालं.

"मी कल्हई कुठं करतो?" तिनं फोन ठेवल्यावर नॉर्बर्टनं विचारलं.

"एवढ्या बारीक गोळ्या ओतता. भांडं तर केवढं मोठं असतं. सोपंच की."

दुसऱ्या दिवशी सुनेत्राताई तपेलं घेऊन आल्या. पितळी, दोन माणसांनी उचलायचं, आतली कल्हई उडून पिवळं पडलेलं. येत्या रविवारी ब्रॅम्पटनला मराठी मंडळाचं दसऱ्याचं जेवण होतं आणि आमटी त्यांच्याकडे होती. मंडळाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात चिंचेची आमटी दर वर्षी काळी पडायची आणि नंदकुमार, मंडळाचा स्वयंपाकप्रमुख, दर वर्षी त्यांना ऐकवायचा.

"सुनेत्राताई, मी लहानपणी कल्हईवाल्यासमोर बसून पाहिलंय. केलं कधी नाही."

"पाहिलंय ना? मग झालं. इथं कुणी पाहिलेलंसुद्धा नाही."

"आणि प्यूटर भांड्याला चालणार नाही. त्यात काय काय असतं सांगता येत नाही. शुद्ध कथील लागेल."

"ते कुठं मिळतं?"

"प्लंबिंगच्या दुकानात. बिनशिशाचं डाग द्यायचं वेटोळं मिळतं, त्यात जवळजवळ सगळं कथीलच."

"मी आणते. तुम्ही भांडं करा, मग खोका तुमचा."

एवढंच ठरलं. घरात शिसं वितळवतो हे नॉर्बर्टनं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

कल्हईला लागणारा नवसागर त्याला रंगीत काचेचं काम करणाऱ्यांच्या दुकानात सापडला. तिथं डागणीचं टोक साफ करायला त्याची वडी विकतात. नवा कापूस, नवे हातमोजे आणले. सुनेत्राताईंचं वेटोळं वितळवून त्यानं लोखंडी अँगलच्या खोबणीत ओतलं आणि हातात धरायला सोपी अशी कांडी केली, कल्हईवाल्याकडे असायची तशी. प्यूटरही तो त्याच अँगलमध्ये ओतायचा. कांड्या एकसारख्या दिसतात म्हणून प्यूटरच्या कांडीला कानशीनं एक खाच पाडून ठेवलेली असे. त्याची ही पद्धत जुनी होती आणि कधी चुकली नव्हती.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर विटा मांडून त्यानं बार्बेक्यूचा कोळसा पेटवला. भात्याच्या जागी बीआट्रिसचा जुना हेअर ड्रायर. आदल्या दिवशी तपेलं आतून वाळू आणि चिंचेनं घासून लख्ख केलेलं होतं. ते तापलं, नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि तो वास नाकात जाताच नॉर्बर्ट गिरीजच्या रस्त्यावर उकिडवा बसलेला पोर झाला. त्याच क्षणी वारा सुटला. कोळसा एका बाजूनं काळा पडायला लागला. भांडं थंड झालं तर सगळं पहिल्यापासून. त्यानं मागं न बघता कामाच्या बाकावरून कांडी उचलली, भांड्याला टेकवली, कापसानं फिरवली. पांढरी झळाळी पितळावरून अशी सरकत गेली की शेजारी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बुड, पोट, काठ. एकही डाग राहिला नाही. कांडीचा हातातला तुकडा वितळत वितळत संपला.

सुनेत्राताई दुपारी आल्या. त्यांनी आत वाकून स्वतःचं तोंड पाहिलं. "पुण्याला सुद्धा अशी होत नव्हती," त्या म्हणाल्या. तपेलं त्यांच्या गाडीत गेलं आणि खोका गॅरेजमध्ये आला. कॉलिन दाराजवळ बसून सगळं बघत होता. त्या गेल्यावर त्यानं एक मग काढून कड दाबली, कानाशी धरली.

"करकरतो," तो म्हणाला. "उद्या ओततोस?"

"उद्या. परवा क्लबात जाऊन मारून बघ. कमीजास्त असेल तर मंगळवारी परत ओतू."

"गुरुवारी पहाटे निघायचंय."

"माहीत आहे. ऊठ आता, मला झाडायचंय."

पण त्या दिवशी त्यानं झाडलं नाही. दमला होता. रविवारी सकाळी बीआट्रिस चर्चमध्ये मिस्साला गेली, ती कॉयरमध्ये गायची, म्हणून लवकर. तो नंतर जाणार होता. मधल्या वेळात ओतकामाची तयारी करावी म्हणून बाक आवरायला घेतला. विटा, कोळशाची राख, कापसाचे बोळे. एका फडक्याखाली कांडी होती.

त्यानं ती उचलली. पूर्ण लांबीची. बोटानं चारही कडा चाचपल्या. खाच नव्हती. उजेडात नेऊन परत बघितली. नव्हती.

ही सुनेत्राताईंची कांडी. मग काल वितळली ती कुठली, हे विचारायलाच नको होतं. बाकावर त्याच्या दोनच कांड्या होत्या. खाचेसकट ती तपेल्यात जिरली होती.

तो उभाच राहिला. त्या प्यूटरच्या कांडीत काय होतं ते आठवू लागला. दोन लहान तबकं, शिक्क्याची. मेणबत्तीचा एक स्टँड, शिक्क्याचा. आणि एक काळपट, जड, फार जुना मग, बुडाला काही नाही. कोबर्गच्या एका अंगणातून. तेव्हा तो हातात जड लागला होता, आणि त्यानं मनात म्हटलं होतं, असेल शिसं, गोळीतच जायचंय.

कदाचित त्या मगात शिसं नव्हतं. असलं तर कदाचित थोडं. कांडीत आणखी कमी, भांड्याच्या पातळ थरात त्याहून कमी. एका जेवणानं कुणाला काही होणार नाही, कदाचित. पण चिंच. आंबट पदार्थ सकाळपासून त्यात उकळत असणार. जेवणाला पोरं असणार. आणि तपेलं नंतरही वापरतील, दर वर्षी. सांगितलं नाही तर कुणाला कधी कळणार नव्हतं. सांगितलं तर खोका परत जाणार, हे त्याला तेव्हाच दिसलं. खोका गेला की कॉलिन हात हलवत हर्स्टला जाणार.

त्यानं ताईंच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. मोबाइलचा नंबर बीआट्रिसकडे, आणि तिचा फोन मिस्सात बंद. तो गॅरेजचं दार ओढून, होता त्या कपड्यांत गाडीत बसणार होता. थांबला. ते कपडे शिशाचे होते. आत जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, कपडे बदलले, मग ब्रॅम्पटनला निघाला. पूर्ण रस्ताभर तो अंगठ्यानं स्टिअरिंगची कड दाबत होता.

हॉलचं स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. तपेलं मोठ्या बर्नरवर, सुनेत्राताई पळीनं आमटी ढवळताहेत, नंदकुमार भाताच्या मागे. "या नॉर्बर्टभाऊ," ताई म्हणाल्या. "बीआट्रिस कुठाय? बघा, रंग बघा आमटीचा."

"कुणी चाखली का?"

"मीच, मीठ बघायला. का?"

"गॅस बंद करा. कुणाला देऊ नका."

त्यांनी बंद केला नाही. त्यानं हात पुढं करून स्वतः केला.

"काल माझ्या हातून कांडी बदलली," तो म्हणाला. "तुमचं कथील घरी तसंच पडलंय. भांड्याला जुनं प्यूटर लागलंय. त्यात शिसं असू शकतं."

"शिसं? कल्हईत शिसं कुठून येईल?"

आता ते सांगणं आलं. नॉर्बर्टनं सांगितलं. वाफेत उभ्या असलेल्या सगळ्या बायका ऐकत होत्या.

"गोळ्या," नंदकुमार म्हणाला. "बंदुकीच्या. तुम्ही करता."

"हो."

"कुणाला मारायचंय?"

"मूसला. मला नाही, मित्राला."

कुणीतरी हसलं. सुनेत्राताई हसल्या नाहीत. "आहे का शिसं, नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही."

"मग दीडशे माणसांची आमटी मी ओतून द्यायची?"

"फोन लागला असता तर तेव्हाच सांगितलं असतं. नक्की नाही, तरी धावत आलो. नसेल असं मी सांगू शकत नाही, ताई."

नंदकुमारनं भाताचं झाकण लावलं. "काळी आमटी परवडली असती," तो म्हणाला, पण बादली त्यानंच आणली.

आमटी गेली. नॉर्बर्ट ग्रोसरीत जाऊन दह्याचे डबे घेऊन आला. स्टीलच्या दोन पातेल्यांत कढी झाली, पातळ, आणि लोकांना अर्धा तास थांबावं लागलं. तो वाढायला उभा राहिला नाही. मागं सिंकपाशी भांडी घासत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं आवरल्यावर सुनेत्राताई त्याच्याजवळ आल्या. पदर खोचलेला, तोंड उतरलेलं.

"बीआट्रिसला माहीत होतं हे? गोळ्यांचं?"

"माहीत आहे. तुम्हाला सांगायला तिला लाज वाटली."

"मला सांगितलं असतं तर मी भांडं दिलं नसतं. खोका तसाच दिला असता, कटकट नको म्हणून." त्यांनी तपेल्याकडे बोट दाखवलं. "तपेलं घेऊन जा. ते सगळं काढा आणि नीट करा. आणि खोका मला आणून द्या. भांडं बघेन, मग देईन."

"आजच आणतो."

त्यानं संध्याकाळी खोका पोचवला. मग हे काम सुरू झालं. कल्हई चढवायला एक सकाळ लागली होती. उतरवायला काय लागतं ते आता कळलं. तापवायचं, पुसायचं, बोळा फेकायचा. परत तापवायचं. वरचा थर निघतो, पण पितळानं जो धरून ठेवलेला असतो तो निघत नाही. मग वाळू, व्हिनेगर, मीठ, आणि हात. गॅरेजमध्ये नाही, मागच्या अंगणात, नव्या फडक्यांनी. बुडातला पांढुरका डाग चार वेळा गेल्यासारखा वाटला आणि सुकल्यावर चार वेळा परत दिसला. त्याची बोटं चिरली.

मंगळवारी कॉलिन आला. जिन्यानं नव्हे, बाजूनं, गवतावरून, तरी दम लागलेला.

"हे अजून किती दिवस?"

"जाईपर्यंत."

"तोपर्यंत मी जाईन. दुकानातनं कथील विकत घेऊ. मी घेतो. आज रात्री ओत."

"आज रात्री मी हे करतोय."

"भांडं पुढच्या आठवड्यात कर. बाईचा दसरा होऊन गेला. माझा टॅग या आठवड्याचाच आहे."

नॉर्बर्टनं हात थांबवला नाही. "तिनं विषावरची आमटी चाखलीय, कॉलिन. माझ्यामुळं. हे माझ्या अंगणात असं पडलेलं ठेवून मी तुझ्या गोळ्या ओतल्या तर त्याही कशा होतील? परत माझा हात कुठल्या कांडीवर पडेल?"

"पडू दे. मूस तक्रार करणार नाही."

"शेल्फवर वसंतात ओतलेल्या गोळ्या आहेत. त्या ने."

"त्या सुरकुतलेल्या? ज्या तूच बाजूला काढल्यास?"

"पन्नास यार्डांत चालतील. त्यापुढचं मला विचारू नकोस."

कॉलिननं उलटी बादली जवळ ओढली. तिच्यावर बसला. मग एक फडकं उचललं आणि तपेल्याचा काठ, हाताला आला तेवढा, घासून दिला. गुरुवारी पहाटे तो त्या गोळ्या घेऊन गेला.

शुक्रवारी पितळ सगळीकडे एकसारखं पिवळं दिसलं. शनिवारी नॉर्बर्टनं कल्हई केली. या वेळी बाकावर एकच कांडी होती. झळाळी पहिल्यासारखीच आली. शेजारी परत कुंपणापाशी आला, पण नॉर्बर्टला त्यात काही बघण्यासारखं वाटलं नाही. रविवारी तो आणि बीआट्रिस तपेलं घेऊन ब्रॅम्पटनला गेले. सुनेत्राताईंनी आत चिंचेचं पाणी उकळलं, गार केलं, वाटीत घेतलं, पाहिलं. बीआट्रिस म्हणाली, "मी त्या दिवशी फोनवरच सांगायला हवं होतं गं."

"हवंच होतं," सुनेत्राताई म्हणाल्या आणि चहा ठेवला. निघताना खोका त्यांनी स्वतः गाडीपर्यंत आणला.

नॉर्बर्ट दुसऱ्याच दिवशी ओतायला लागला. कशासाठी, ते बीआट्रिसनं विचारलं नाही. तीन दिवस तो सकाळी गॅरेजमध्ये जायचा, दुपारी जेवायला यायचा, परत जायचा. हेमचंद्रांचे मग चांगले निघाले. सगळे शिक्क्याचे.

कॉलिन आठवड्यानं परतला. दाराजवळच्या खुर्चीत बसला. दाढी वाढली होती आणि खोकला जास्त होता.

"मिळाला?"

"दिसला."

नॉर्बर्टनं पळी खाली ठेवली.

"तिसऱ्या दिवशी," कॉलिन म्हणाला. "तळ्याच्या पलीकडच्या काठाला. आडवा उभा, पाणी पीत. एवढा बुल मी जन्मात पाहिला नव्हता. भाचा बोलायचाच थांबला."

"किती लांब?"

"दोनशे यार्ड. जवळ जायचं तर चिखलातून वळसा घालायला लागला असता, ते मला जमणार नव्हतं. नेम धरला. चांगला धरला होता. मग म्हटलं, ही गोळी कुठं जाईल ते नॉर्बर्टलाच माहीत नाही, मला काय माहीत असणार. पोटात लागली असती तर तो कुठंतरी दलदलीत जाऊन दोन दिवसांनी मेला असता. रायफल खाली घेतली."

"बरं केलंस."

"बरं नाही केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं."

भांड्यातलं शिसं बारीक हलत होतं. नॉर्बर्टनं वरची मळी काढली, साचा गरम आहे का पाहिला, ओतलं, मोजून थांबला, साचा उघडला. गोळी फडक्यावर पडली. कडा धारदार, अंग गुळगुळीत.

"पुढच्या सोडतीला अप्लाय करणार?" त्यानं विचारलं.

"करीन की. फॉर्म भरायला दम लागत नाही." कॉलिन फडक्यावरच्या गोळीकडे बघत होता. "ही तेव्हा हवी होती."

नॉर्बर्टनं ती फडक्यावर बाजूला सरकवली. त्यानं साचा मिटला आणि पळी परत भरली. कॉलिन उठून गेला नाही. दुपारभर खुर्चीतच बसून राहिला, वारा त्याच्या पाठीकडून येईल अशी खुर्ची वळवून.